राईचे राखणदार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते पेशाने शिक्षक होते. म्हणून मी आज अशा शिक्षकांबद्दल बोलणार आहे ज्यांच्याकडे पुस्तक नाही, फळा नाही, शाळेची इमारत नाही, आणि तरीही ज्यांनी शेकडो वर्षं आपल्या लोकांना रान शिकवलं. ते पुजारी आहेत. ते रानाचे पुजारी आहेत.

आपल्या घरातली तरुण मुलं हल्ली काय वाचतात, संगणकावर काय खेळतात, हे जरा पाहा. त्यांत घनदाट अरण्यात राहणारी एक जमात हमखास भेटते. जुनी झाडं हीच त्यांची देवळं. त्यांचे पुरोहित पशुपक्ष्यांशी बोलतात, आणि कुऱ्हाड घेऊन आलेल्या माणसाला अडवतात. टोलकिननं १९३७ साली ‘द हॉबिट’मध्ये वनवासी एल्फ आणले आणि तेव्हापासून ते जगभरच्या मुलांच्या मनात राहायला आले. मला त्या मुलांचं कौतुक वाटतं. काँक्रीटमध्ये वाढलेल्या मुलाला रानाचा पुजारी हवासा वाटतो, ही फार चांगली गोष्ट आहे. त्या मुलांना मला एवढंच सांगायचं आहे की बाळांनो, ही माणसं खरी आहेत. बेंगळुरूहून दोनशे किलोमीटरच्या आत बिळिगिरीवर आहेत, पालघरच्या पाड्यांवर आहेत, सिंधुदुर्गात तुमच्या आजोबांच्या गावी आहेत. फक्त त्यांच्याकडे आपण पाहिलेलं नाही.

पण दोनशे किलोमीटर तरी कशाला जायचं? सुरुवात इथून, बेंगळुरूतूनच करू.

चैत्र पौर्णिमेच्या रात्री नगरथपेटेतल्या धर्मरायाच्या देवळातून करग निघतो. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. तिगळ समाजाचा पुजारी द्रौपदीच्या रूपात, डोक्यावर मोगऱ्यानं मढवलेला उंच करग तोलत रात्रभर शहरातून फिरतो. भोवती तलवारी घेतलेले वीरकुमार असतात. वाटेत तवक्कल मस्तानसाहेबांच्या दर्ग्यात तो थांबतो. हे सगळं आपण पाहतो. पण या तिगळांचा पिढीजात व्यवसाय कोणता? बागा आणि फुलं-भाज्यांचे मळे. बागायती करणाऱ्यांच्या देवाला पाणी लागतं, आणि त्यांच्या या उत्सवाचा एक महत्त्वाचा विधी संपंगी तळ्यावर होत आला. आज ते तळं कुठे आहे? तिथे कंठीरव क्रीडांगण उभं आहे. तळं बुजलं, मैदान झालं, प्रेक्षकांसाठी पायऱ्या झाल्या. तरी क्रीडांगणाच्या कडेला पाण्याचा एक लहानसा चौकोन राखून ठेवावा लागला, कारण करगाला तिथे जायचंच असतं.

विचार करा. या शहरानं किती तळी गिळली! त्यांची आठवण कोणाला आहे? नकाशा बदलला, सर्व्हे नंबर बदलला, नावसुद्धा बदललं. एका पुजाऱ्यानं मात्र आपली वाट बदलली नाही. तो दरवर्षी तिथे जातो, आणि तो जातो म्हणून तेवढं पाणी शिल्लक आहे.

माझं आजचं सगळं म्हणणं या एका उदाहरणात आहे. देवराई टिकते, तळं टिकतं, ते त्यासाठी रोज काहीतरी करणारं माणूस तिथे असतं म्हणून. आपण झाडं मोजतो, प्रजाती मोजतो, हेक्टर मोजतो. त्या माणसाला कोणी मोजत नाही. ते माणूस गेलं की राईचं एकतर लाकूड होतं, नाहीतर सिमेंटचं देऊळ होतं.

आता ही माणसं कोण, ते पाहू.

पहिल्यांदा हे लक्षात घ्या की रानाचा पुजारी बहुतेक ठिकाणी पोटासाठी पुजारी नसतो. तो भात लावतो, मध काढतो, गुरं राखतो. त्याच्या अंगावर वेगळा वेश नाही. सणाच्या दिवशी, लग्नात, मरणात, पेरणीच्या आधी तो पुजारी होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरतो. बिळिगिरी रंगन बेट्टावरच्या सोलिगांचा तम्मडी असा आहे. डहाणू-तलासरीच्या वारल्यांचा भगत असा आहे. तळकोकणातला घाडी असा आहे.

आणि ही परंपरा पुरुषांपुरती नाही. वारली लग्न कोण लावतं? धवलेरी. ती बाई आहे. सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक रेखतात, त्यात पालघट देवी येते, शेजारच्या चौकात पंचशिऱ्या देव येतो, आणि धवलेरीची गाणी सुरू होतात. ती गाणी झाल्याशिवाय लग्न लागत नाही. त्या गाण्यांत देवांची बोलावणी आहेत आणि सृष्टी कशी झाली ते आहे. आपल्या मराठी कवितेच्या अगदी उगमाशी कोण उभी आहे, आठवतं का? महदंबा. तेराव्या शतकात, ऋद्धिपूरला, गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळासाठी तिनं गायिले ते धवळे. लग्नात बाईनं उभं राहून गायचं आणि त्या गाण्यानं विधी पुरा व्हायचा, ही रीत या मातीत फार जुनी आहे. आपल्याकडे ती विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात गेली. तलासरीच्या पाड्यावर ती अजून मांडवात आहे.

नाशिक, धुळे आणि डांगच्या डोंगरपट्ट्यात कोकणा लोकांचे थाळीवर कथा सांगणारे कथेकरी आहेत. काशाची थाळी घ्यायची, मधोमध मेणाचा गोळा लावून त्यात एक बारीक काडी उभी करायची, आणि त्या काडीवरून बोटं वरून खाली ओढत राहायचं. थाळीतून एक अखंड, घुमणारा सूर निघतो. त्या सुरावर रात्रभर कथा चालते. धान्याची माता कणसरी रुसून कशी निघून गेली, तिला परत कसं आणलं. सबंध समाजाचं शेतीशास्त्र, नातीगोती, पापपुण्य त्या कथेत आहे, आणि ती एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात गेली आहे. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचं व्रत बसतं तेव्हा व्रतकरी पुरुषांना सगळे माऊली म्हणतात. ते दिवस नियमानं राहतात, पावरीच्या सुरावर नाचतात आणि शेवटी रात्री गडाला जातात. त्यांचा गड म्हणजे डोंगर आणि त्यातली कपार. मूर्ती नाही, कळस नाही.

युरोपातही असे पुरोहित होते. द्रुइड. सीझरनं लिहून ठेवलं आहे की द्रुइड आपली विद्या लिहीत नसत, आणि काहींचं शिक्षण वीस वर्षं चाले. वीस वर्षं पाठांतर! मग त्या विद्येचं काय झालं? इ.स. ६०च्या सुमारास रोमन सैन्य मोना बेटावर उतरलं, तिथल्या द्रुइडांवर चालून गेलं आणि त्यांच्या पवित्र राया तोडल्या. राई गेली, राईत शिकवणारा गेला. आज द्रुइडांबद्दल जगाला जे माहीत आहे ते बहुतेक त्यांच्या शत्रूंनी लिहिलेलं आहे. लिखाण नसलेल्या विद्येला दुसरी संधी नसते. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश म्हणतो आहे, कारण आपल्याकडे ही वेळ आज आहे.

दुसरा मुद्दा. हे पुजारी नेमकं काय राखतात?

आपण सहज म्हणतो, श्रद्धा राखतात. मी म्हणेन, ते नियम राखतात. देवराईतली काटकी उचलायची नाही. चप्पल घालून आत जायचं नाही. पहिल्या पावसात उगवलेली कोवळी रानभाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही. आश्विन वद्य द्वादशीला आपल्या घरी वसुबारस असते, गाय-वासराची पूजा असते. त्याच दिवशी अकोले तालुक्याच्या डोंगरातले महादेव कोळी वाघबारस करतात, वाघाला नैवेद्य ठेवतात. ज्याची गुरं वाघ खातो तोच वाघाला नैवेद्य दाखवतो! एकाच तिथीला एक समाज गाईला पुजतो, दुसरा तिच्या वैऱ्याला. दोन्ही मिळून रान पुरं होतं.

आणि नियम मोडायचा असेल तर? घराला वासा हवा आहे, राईतलं झाड पडलं आहे, काय करायचं? तळकोकणात देवाला कौल लावतात. घाडी किंवा गुरव गाऱ्हाणं घालतो, पाषाणावर फुलांच्या पाकळ्या किंवा तांदूळ लावतो, उजवा पडतो की डावा पडतो ते सगळे पाहतात. यात किती शहाणपण आहे बघा. झाड हवं असलेल्या माणसाला चार गावकऱ्यांसमोर, देवासमोर, मोठ्यानं सांगावं लागतं की मला हे झाड हवं आहे आणि का हवं आहे. गुपचूप तोड होऊ शकत नाही. कौल उजवा पडो की डावा, मागणी सगळ्यांच्या कानावर गेलेली असते. आजच्या किती परवानग्यांबद्दल आपण असं म्हणू शकतो?

पुण्याच्या माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. श्रीवर्धन तालुक्यातलं गाणी गाव त्या अभ्यासामुळे प्रसिद्ध झालं. तिथली काळकाई देवीची राई तोडली जाणार होती. गावकऱ्यांनी राई वाचवण्यासाठी या अभ्यासकांना साकडं घातलं. कारण काय दिलं? देवी कोपेल, एवढंच? नाही. या राईतून बारमाही ओढा निघतो, राई गेली तर पाणी जाईल. देवी आणि पाणी या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. ती राई वाचली.

आता मला थोडा अधिक वेळ बिळिगिरीवर घालवायचा आहे, कारण ते आपल्या दाराशी आहे आणि तिथे जे घडलं ते प्रत्येक बेंगळुरूकरानं ऐकायला हवं.

सोलिगांच्या प्रत्येक कुळाचा रानाचा एक टापू असतो, त्याला ते येल्ले म्हणतात. प्रत्येक येल्लेत पाच जागा असतात. देवरु, मारम्मा, वीरु, पूर्वजांचे दगड असलेली कल्लुगुडि, आणि पाण्याची जागा अब्बी. म्हणजे देव, देवी, वीर, मेलेले आणि पाणी. सबंध जगणं त्या पाच जागांत बसतं. भार्गवी नदीच्या काठी दोड्ड संपिगे, म्हणजे थोरला सोनचाफा, उभा आहे. त्याचं वय कोणी शेकड्यांत सांगतं, कोणी हजारांत. त्याच्या बुंध्याशी दगड आहेत, तेच देव. गोरुकन गात, फेर धरून नाचत तिथे उत्सव होतो.

हे सोलिग दरवर्षी थंडी सरता सरता रानातला पाचोळा पेटवत. तरगु बेंकी. पाचोळ्याची आग. ती उंच चढत नसे, जमिनीवरून सरपटत जाई आणि विझे. १९७४ साली हे रान अभयारण्य झालं. वनखात्याच्या दृष्टीनं आग म्हणजे गुन्हा. तरगु बेंकी बंद झाली. चांगलं झालं, असंच शहरात बसलेल्या कोणालाही वाटलं असतं. पुढे काय झालं? घाणेरी वाढली. आपली तीच टणटणी, बागेची शोभा म्हणून अमेरिकेतून आणलेली. तिनं रानाचा तळ झाकून टाकला, गवत मारलं. आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगूळ वाढलं. आवळा हे सोलिगांचं मोठं उत्पन्न. झाडंच्या झाडं बांडगुळानं वाळली. सोलिग म्हातारे सांगत होते, आम्ही आग लावायचो तेव्हा तिच्या आचेनं बांडगूळ मरायचं, घाणेरीची रोपं जळायची. ते सांगत होते आणि कोणी ऐकत नव्हतं. या शहरातल्या एट्री संस्थेच्या अभ्यासकांनी मात्र ऐकलं, त्यांच्याबरोबर रान पालथं घातलं, मोजमापं घेतली, आणि म्हाताऱ्यांच्या सांगण्यात तथ्य आहे हे लिहून काढलं.

इथे मला द्रुइड पुन्हा आठवतात. रोमन लेखक प्लिनी सांगतो की पांढरं वस्त्र नेसलेला द्रुइड सोन्याच्या विळ्यानं ओकवरचं बांडगूळ कापे, ते त्यांचं सर्वांत पवित्र औषध. तिथला पुजारी बांडगुळाला पुजतो, इथला पुजारी त्याला आगीत घालतो. कारण दोघांची रानं वेगळी आहेत. रानाचा धर्म त्या त्या रानातून येतो. तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही, आणि दुसरीकडचा आणून इथे लादताही येत नाही. लंडन-देहरादूनहून आलेलं आगीचं शास्त्र बिळिगिरीवर चुकलं ते यामुळेच.

तुम्ही म्हणाल, हे आदिवासींचं झालं, आमचं काय? म्हणून मी आता तुमच्या कुलदेवाकडे येतो.

वेंगुर्ले तालुक्यातलं आरवली. तिथला वेतोबा. नवस फेडायला त्याला काय वाहतात? केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला. देव रात्री गावाच्या सीमेवर, रानात फिरतो, चपला झिजतात, म्हणून नव्या. आता बिळिगिरीवर चला. डोंगरमाथ्यावर रंगनाथाचं देऊळ. त्याला काय वाहतात? भल्यामोठ्या चामडी चपला! चर्मकार समाजाची माणसं त्या मोठ्या भक्तीनं करतात. देव रात्री रानात फिरतो, चपला झिजतात. आरवली कुठे, बिळिगिरी कुठे! मध्ये सगळा कर्नाटक आहे. दोन्हीकडे देव राखणदार आहे, दोन्हीकडे तो गाभाऱ्यात बसून राहत नाही.

आणि हा रंगनाथ सोलिगांचा कोण? मेहुणा. त्यानं कुसुमाले नावाच्या सोलिग मुलीशी लग्न केलं, म्हणून सोलिग त्याला भाव म्हणतात. जेजुरीच्या खंडोबाची बाणाई आठवली ना? ती धनगरांची. देव गावात म्हाळसेचा आणि रानात बाणाईचा. रा. चिं. ढेऱ्यांनी विठ्ठलामागचा गोपजनांचा देव आपल्याला दाखवला. गुंथर सोन्थायमर जर्मनीहून येऊन धनगरांच्या वाड्यांवर राहिले आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा समजून घेत राहिले. कोसंबी पुण्याभोवतीच्या पायवाटा तुडवत शेंदरी दगडांचा इतिहास वाचत राहिले. या सगळ्यांनी एकच गोष्ट दाखवली. आपल्या देवघराच्या मागचं दार रानात उघडतं. बेंगळुरूतली अनेक मराठी घरं पौषात शाकंभरीचं नवरात्र करतात, बनशंकरीला भाज्यांचा नैवेद्य दाखवतात. ती कोणाची देवी? वनातली. मग सोलिगांचा तम्मडी आपल्याला परका कसा?

एक आक्षेप मात्र आहे आणि तो गंभीर आहे. मी तो टाळणार नाही.

भगत म्हटलं की सुशिक्षित माणसाला अंगात येणं, साप चावलेल्या मुलाला दवाखान्याऐवजी मंत्राकडे नेणं, आणि एखाद्या एकट्या बाईला भुताळी ठरवून मारहाण करणं आठवतं. हे घडलं आहे, घडतं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्याच्या बाजूनं मी पूर्णपणे उभा आहे. कोणत्याही परंपरेच्या नावाखाली बाईचा छळ होता कामा नये आणि सर्पदंशाला इंजेक्शनच हवं. देवरायांत बायकांना आणि दलितांना मज्जाव असल्याचीही उदाहरणं आहेत, त्यांचंही समर्थन होऊ शकत नाही. पण एक विचारतो. हुंडाबळी झाला म्हणून आपण लग्नसंस्था बंद केली का? नाही, आपण हुंड्याविरुद्ध कायदा केला. भगताच्या हातून अन्याय झाला तर तो अन्याय थांबवायचा. त्याच्या डोक्यातली वनस्पतींची ओळख, पावसाची लक्षणं, राईचे नियम हे सगळं त्याच फटक्यात जाळायचं का? आजचं दुर्दैव असं की भुताळीचा समज टिकतो आहे आणि झाडांची नावं विसरली जात आहेत.

आता ही परंपरा कशानं मोडते आहे ते पाहू.

सरकारी कायद्याबद्दल थोडंच बोलतो, कारण ते आपल्याला ठाऊक आहे. १८७८च्या वन कायद्यानं रान सरकारचं झालं, आणि राईच्या पुजाऱ्याकडे कागद नव्हता. गंमत म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक ब्रँडिस यांनी स्वतः या देवरायांचं मोल ओळखलं होतं, त्यावर लिहिलंही होतं. पण यंत्रणा त्यांच्या कौतुकानं चालली नाही. शेजारच्या कोडगूत आजही बाराशेहून अधिक देवरकाडु आहेत. १९०५ साली त्यांचं क्षेत्र ६,२७७ हेक्टर होतं. १९८५ साली ते २,५५० हेक्टर उरलं. ऐंशी वर्षांत निम्म्याहून जास्त गेलं, बरंचसं कॉफीच्या आणि वस्तीच्या पोटात. देव होता, पुजारी होता, पण जमीन कोणाची हा प्रश्न आला तेव्हा त्यांना कोणी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट अधिक दुखणारी आहे, कारण ती प्रेमानं होते. जीर्णोद्धार. देवराईतल्या कितीतरी देवांना छप्पर चालत नाही. तो उघड्यावर, पानांच्या छायेत बसणार, ही त्याचीच इच्छा असं गाव मानत आलं. सातेरी तर वारुळाच्या रूपात असते, गोव्यात त्याला रोयण म्हणतात. वारूळ म्हणजे जिवंत माती, ती वाढते. मग गावातली मुलं शहरात जातात, कमावतात आणि त्यांना वाटतं, आपला देव पावसात भिजतो. आधी पत्रा येतो. मग स्लॅब येते. मग संगमरवरी मूर्ती, घाटदार कळस, गाड्या लावायला जागा, भक्तनिवास. जागा कुठून येते? राईतून. लाकूड कुठून येतं? राईतून. देव मोठा होतो आणि त्याचं रान लहान होतं. नव्या देवळाला नवा पुजारी लागतो, शिकलेला, बाहेरचा. घाड्याचं गाऱ्हाणं मग वर्षातून एकदा जत्रेपुरतं उरतं.

तिसरी गोष्ट कलेची. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी वारल्यांकडे गेले आणि लग्नाच्या भिंतीवरची चित्रं कागदावर आली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्या चित्रांना असं रूप दिलं की जग थक्क झालं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे मोठं काम आहे, त्यानं अनेक घरं उभी राहिली. आज या शहरात वारली चित्रांच्या साड्या आहेत, कप आहेत, उपाहारगृहांच्या भिंती आहेत. पण त्या चौकासमोर गाणारी धवलेरी? तिचं एक गाणं या सभागृहातल्या कोणाला माहीत आहे? चित्र विकता आलं म्हणून ते जगभर गेलं. गाणं मांडवातच अर्थवान होतं, ते मागे राहिलं. तिच्या हाताखाली शिकणारी मुलगी आज दहावीच्या शिकवणीला जाते. जावंच तिनं. पण तिच्या शाळेत आठवड्यातून एक तास धवलेरीला का बोलवू नये? मानधन देऊन, बाईंच्या खुर्चीवर बसवून? मी हा प्रश्न शिक्षण खात्यातल्या लोकांसमोर मांडत आलो आहे आणि मांडत राहणार आहे.

मग आशा आहे की नाही? आहे. आणि ती पुजाऱ्यांनी स्वतः निर्माण केली आहे.

ओडिशातल्या नियमगिरीवर बॉक्साइटची खाण व्हायची होती. तिथले डोंगरिया कोंध आदिवासी म्हणाले, हा आमच्या नियमराजाचा डोंगर आहे. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यांच्या धार्मिक हक्कांना बाध येतो का, हे ग्रामसभांनी ठरवावं. बारा ग्रामसभा भरल्या. बाराच्या बारा नाही म्हणाल्या. ज्यांच्याकडे ग्रंथ नाही, मूर्ती नाही, देऊळ नाही, त्यांच्या डोंगराला न्यायालयात देव म्हणून मोजावं लागलं.

आणि आपलं बिळिगिरी. जानेवारी २०११ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. हकालपट्टीची भीती होती. पण त्याआधीच सोलिगांनी अभ्यासकांच्या मदतीनं एक नकाशा केला होता. म्हातारे पुढे चालले, एकेका येल्लेतली देवरु, मारम्मा, वीरु, कल्लुगुडि, अब्बी दाखवत गेले, आणि शेकडो जागा नकाशावर आल्या. वनहक्क कायदा २००६चा. त्याच्याखाली ऑक्टोबर २०११ मध्ये पंचवीस ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. व्याघ्र प्रकल्पाच्या आत असे हक्क मिळण्याची देशातली ती पहिली वेळ. म्हाताऱ्यांच्या आठवणीतली पूजास्थानं हक्काचा पुरावा झाली. त्या काळात बिळिगिरीतले वाघ कमी झाले नाहीत, वाढले.

महाराष्ट्रातही वाटा निघाल्या आहेत. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथे रानजायफळाची दलदल आहे, फार दुर्मीळ वन. ती देवराई म्हणून गावानं राखली म्हणून उरली, आणि आता तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे. पलीकडे गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राई तशीच. दर्जा मिळाला हे उत्तमच. माझी मागणी एवढीच की फलकावर झाडाचं शास्त्रीय नाव लिहाल तेव्हा त्या राईचे नियम आणि ते राखणारं घराणं यांचीही नोंद वारशात करा, त्यांच्या संमतीनं.

शेवटचं बोलणं सरळ तुमच्याशी. या सभागृहात बेळगावचे आहात, कारवारचे आहात, सिंधुदुर्गचे आहात, कोल्हापूर-साताऱ्याचे आहात. वर्षा-दोन वर्षांनी गावाकडून निरोप येतो, ग्रामदेवतेचा जीर्णोद्धार काढला आहे, बेंगळुरूकरांनी हात सैल सोडावा. तुम्ही सोडता. गावाला तुमचा शब्द मोलाचा वाटतो, कारण पैसा तुमचा असतो. तेव्हा पैसे पाठवण्याआधी समितीला तीन गोष्टी विचारा. बांधकामासाठी राईतली किती झाडं जाणार आहेत, आणि त्याचा कौल सगळ्या गावासमोर लावला आहे का? देवाचा मूळ पाषाण किंवा वारूळ जागेवर, उघड्यावर राहणार आहे का? आणि आजवर ज्या घराण्यानं गाऱ्हाणं घातलं, त्या घराण्याच्या पुढच्या पिढीला नव्या देवळात कोणतं काम आणि किती वेतन ठरवलं आहे? उत्तरं पटली नाहीत तर तीच रक्कम राईभोवतीच्या गडग्याला, ओढ्यावरच्या बंधाऱ्याला आणि गाऱ्हाणं घालायला शिकणाऱ्या मुलाच्या मानधनाला द्यायची तयारी आहे, असं समितीला लेखी कळवा.